मोहरबंद पेटीतला राम

"आमच्यासारखा नजरबाज अख्ख्या पुण्यात दुसरा नाही," असं दिगंबरपंत रोज सकाळी सांगत, आणि त्यावर कोणी वाद घालत नसे. एकाच्यानेच शनिवार पेठेची पुरेवाट झाली होती.

नजरबाज म्हणजे सरकारचा हेर. दिगंबरपंतांना सरकारने असं कधी म्हटलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच म्हणत. ओसरीवर मांडी ठोकायची, पगडी सारखी करायची आणि रस्त्याने जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने सुरू व्हायचं: "उडत्या पाखराची पिसं मोजावीत ती आम्हीच. नुसत्या वहाणेवरून माणसाची कुंडली मांडतो आम्ही." एकदा खरोखरच ओसरीखालची एक वहाण उचलून त्यांनी सांगितलं होतं की, हिचा धनी विसराळू, उधळ्या आणि चालताना किंचित फेंगडा आहे. वहाण त्यांचीच निघाली. "बघा, एक तरी शब्द चुकला का?" पंत म्हणाले होते.

हे सगळं ऐकायला बजरंग असे. बजरंग कात्रजचा, पन्नाशीला टेकलेला, आणि पंतांची छत्री, पानाची चंची व भिंग सांभाळणं हा त्याचा हुद्दा. भिंग कोण्या फिरंग्याच्या पालखीतून पडलेलं होतं आणि त्याला मधोमध तडा होता, त्यामुळे पंतांना प्रत्येक वस्तू दोन दिसत. पूर्वी हे दोघेही कोतवालाच्या चावडीत होते, हरवलेल्या जिनसांच्या कोठीवर. एके दिवशी कोठीची किल्लीच हरवली. ती शोधायचं काम पंतांनी हौसेने अंगावर घेतलं, तेव्हा चावडीने दोघांनाही कोपरापासून हात जोडले. किल्ली पुढे पंतांच्याच पगडीत निघाली. ती बजरंगाला सापडली होती, आणि हे पंतांना सांगायचं अजून राहिलं होतं.

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. उन्हं नुकती ओसरीवर चढली होती, तेवढ्यात श्रीनिवासपंत सावकारांचा गडी धापा टाकत आला.

"चोरी झालीय. सावकारांनी तातडीनं बोलावलंय. आणि चावडीला कळवू नका म्हणालेत."

शेवटचं वाक्य ऐकून पंतांचा चेहरा उजळला. "बजरंगा, छत्री! भिंग! चंची!"

"हातातच हायेत, पंत."

श्रीनिवासपंतांना कलेचा भारी नाद आहे असं सारं पुणं म्हणे. खरा नाद भावाचा होता. आज घेतलेली वस्तू उद्या काय भावाने जाईल, एवढाच प्रश्न त्यांना पडे, आणि तो पडला की मात्र झोप उडे. जयपुराकडची चित्रं त्यांनी घेतली होती, ती तोंडाला तोंड लावून गाठोड्यात बांधलेली. एक नामी बीन घेतली होती, तिच्या तारा काढून ठेवल्या होत्या, कारण वाजवली की तार सैल होते आणि भाव उतरतो. हे सगळं वैभव ज्या खोलीत राही तिला खिडकी नव्हती. एका अंगाला जिना, दुसऱ्या अंगाला हौद. चोराला आत यायला जागाच नाही म्हणून सावकारांना ती खोली फार प्रिय होती. उजेडालाही नव्हती, पण उजेडाचं त्यांना काही देणं नव्हतं.

त्या खोलीत समईच्या प्रकाशात सावकार डोक्याला हात लावून बसले होते. पंत दारातच थबकले.

"काय गेलं?"

"राम," सावकार म्हणाले.

पंतांनी लगबगीने पगडी उतरवली. "अरेरे! केव्हा गेले? आपले कोण होते?"

"अहो, गंजिफांतला राम! रामाचा राजा!"

पंतांनी पगडी परत चढवली आणि, आम्ही आपली परीक्षा पाहत होतो, असा चेहरा केला. गंजिफा म्हणजे खेळायची रंगवलेली गोल पानं. दशावतारी जोडात दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि दश्श्यापासून एक्क्यापर्यंत पानं. सगळी मिळून एकशेवीस. सावकारांसमोरच्या रेशमी रुमालावर तसा एक जोड मांडलेला होता. बजरंगाने तो पाहिला आणि त्याचा जबडा खाली आला. मत्स्याच्या पानांवर पाणी हलल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक राजाच्या मुकुटावर सोन्याचा वर्ख होता. वराहाची पानं इतकी निळी, की असा निळा रंग असतो हे बजरंगाला त्या दिवशी कळलं.

"बारभाईंच्या धामधुमीत एका पडेल सरदाराकडून घेतला," सावकार सांगू लागले. "दोनदा मोजला. ओळीने लावला. मेणकापडात बांधून पेटीत घातला, पेटीला कुलूप, कुलपावर लाखेची मोहर. त्यानंतर आज उघडतोय. हैदराबादेच्या एका अमिराचा गुमास्ता तिसऱ्या प्रहरी न्यायला येतोय. आणि एक पान कमी! अपुरा जोड तो कशाला घेईल?"

"मोहर?"

"शाबूत होती."

"कुलूप?"

"तेही शाबूत."

पंतांनी डोळे मिटले. "म्हणजे चोर अतिशय शिस्तीचा आहे. जाताना सगळं पूर्ववत करून गेला."

"किंवा आलाच नाही," दारातून आवाज आला.

त्या मुक्ताबाई, सावकारांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, आता साठी उलटलेल्या. पडदा, मर्यादा वगैरे त्यांना सांगायची हिंमत घरात कोणाला नव्हती. वडिलांनी त्यांना लहानपणी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, स्तोत्रं आणि गंजिफा, आणि त्यातली स्तोत्रं त्या अधूनमधून विसरत.

"घरात असा जोड," त्या पंतांना म्हणाल्या, "आणि मला एक डाव खेळू देत नाही हा. का, तर खेळून पानं झिजतात. बरं, नुसती बघू दे म्हटलं, तर म्हणतो बघून रंग उडतो."

"आक्का, भाव उतरतो!"

"तुझा कधीच उतरलाय."

पंत तोवर पानं मोजायला लागले होते. सावकार 'रुमालानं धरा, कडेनं धरा, श्वास सोडू नका' असं सांगत होते. पंतांचे पहिल्यांदा एकशेअठरा भरले, दुसऱ्यांदा एकशेएकवीस. "म्हणजे चोर अजून घरातच आहे आणि ये-जा करतोय," असं म्हणून त्यांनी मोजणं सोडलं आणि भिंग भिंतीला लावलं. तिथून ते एकदम ओरडले.

"ओल! बजरंगा, इथे ओल आहे! या भिंतीपलीकडे काय आहे?"

"हौद," सावकार म्हणाले.

"हौदात पाणी कुठून येतं?"

"कात्रजच्या तलावातून. नळाने. ते सगळ्या पुण्याला येतं."

"झालं!" पंतांनी टाळी वाजवली. "चोर कात्रजचा. तलावात बुडी मारली, नळातून पोहत आला, हौदात उतरला, भिंतीतून शिरला आणि ओल्या अंगाने इथे उभा राहिला. ही त्याची ओल!"

कात्रजचं नाव निघताच सगळ्यांनी बजरंगाकडे पाहिलं. बजरंगाला राग आला, पण तो नेहमीप्रमाणे चंचीच्या गाठीवर निघाला.

"पंत, हौदात येतो तो खापरी नळ मनगटाएवढा हाय. त्यातून मानूस कसा यील?"

"बारीक माणूस असेल. उतर हौदात."

बजरंग उतरला. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून त्याने पायाने तळ चाचपला आणि आपल्याच गावच्या पाण्यात आपण चोर शोधतोय या विचाराने त्याला हसू आवरेना. वर आला तो हातात एक पितळी लोटी घेऊन.

"माझी लोटी!" मुक्ताबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून शोधत होते."

"एक प्रकरण सुटलं," पंत म्हणाले. "आता दुसरं."

दुसऱ्याला त्यांनी फार वेळ घेतला नाही. रामाला पळवून नेलं म्हणजे माणूस रावणाच्या पक्षातला. रावण लंकेचा. लंका दक्षिणेला. "घरात दक्षिणेकडचं कोण आहे?"

घरात मिरजेचा एक आचारी होता. मिरज पुण्याच्या दक्षिणेलाच आहे, हे पंतांनी भिंतीवर बोटाने नकाशा काढून सिद्ध केलं. आचारी हातातल्या पळीसकट पंतांसमोर उभा राहिला आणि गयावया करण्याऐवजी फणकाऱ्याने म्हणाला, "मला रामाचं काय विचारता? समोरच्या माधवरावांना विचारा. काल भर दुपारी त्यांच्या ओसरीवर डाव रंगला होता. दुपारी!"

सगळे दचकून आचाऱ्याकडे बघू लागले. मुक्ताबाईंच्या सुद्धा भुवया वर गेल्या. आता यात दचकण्यासारखं काय आहे ते गंजिफा न खेळणाऱ्याला सांगायला हवं. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा, तो पहिलं पान टाकतो. दिवेलागणीनंतर मांडला तर तो मान कृष्णाचा. आणि समोरचे माधवराव फक्त दिवेलागणीनंतर खेळत, कारण त्यांच्या जोडात राम नव्हता, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

माधवराव दफ्तरात कारकून होते. एकटा जीव. जोड विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी पानापानाने जमवला. कोणाचा जोड फुटला की उरलेल्यातलं एक मागून आणायचं, कोणाच्या पोराने चावलेलं, कोणी उदबत्तीखाली ठेवलेलं, कोणी दाराच्या फटीत घातलेलं. पानं लहानमोठी, रंग वेगवेगळे. पंगतीत बसलेल्या वऱ्हाडासारखा तो जोड दिसे. फक्त रामाचा राजा मिळेना. दर पाडव्याला ते सावकारांकडे येऊन म्हणत, "विकत नको, उसना नको. एकदा नुसतं दर्शन घेऊ द्या." आणि दर पाडव्याला सावकार त्यांना कडुनिंब खायला घालून परत पाठवत.

"शिवाय," सावकार म्हणाले, "दफ्तरात खलित्यांवर मोहरा हेच करतात. लाखेवर यांचा हात बसलेला आहे."

"मी त्यांच्यावरच येत होतो," पंत म्हणाले. "लंकेवरून."

सगळी वरात रस्ता ओलांडून समोर गेली. माधवराव ओसरीवरच होते, आणि त्यांच्याशेजारी दादामियाँ चितारी. आधीच्या पिढीपासून पुण्यात राहिलेलं ते घर. देव्हाऱ्याच्या भिंती आणि लग्नाचे पाट रंगवून दादामियाँची दाढी पांढरी झाली होती.

पंतांनी आवाज चढवला. "माधवराव, आपल्याकडे रामाचा राजा आहे काय?"

"आहे!" माधवरावांचा चेहरा फुलला. "बघता? बसा, बसा ना! अहो, किती दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं."

आणि पंत काही बोलायच्या आत त्यांच्या मांडीवर पानं यायला लागली. हा कूर्माचा छक्का एका गोंधळ्याने दिला. हा नरसिंहाचा प्रधान, याचा कान उंदराने खाल्ला, पण चेहरा बघा, कसा घाबरलाय! हा वामन, हा फारच लबाड दिसतो, नाही? पंतांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यांच्या हातात आणखी एक पान आलं. बजरंग मागून वाकून बघत होता. उंदराने कान खाल्लेला तो प्रधान त्याला मनापासून आवडला, आणि चोर म्हणून पकडायला आलेल्या माणसाला इतक्या प्रेमाने बसवून घेणाऱ्या माधवरावांची त्याला काळजी वाटू लागली.

"आणि हा माझा राम." माधवरावांनी शेवटचं पान दोन्ही हातांनी पुढे केलं.

सावकारांनी झडप घातली आणि लगेच पान खाली ठेवलं. "हा माझा नव्हे. माझ्या रामावर वर्ख आहे, हा हळदीसारखा नुसता पिवळा. आणि हा बोटभर मोठा आहे."

"मी काढलाय, सावकार," दादामियाँ म्हणाले. "किती वर्षं शोधताना बघत होतो यांना. बघवेना. ईदला भेटायला आले, तेव्हा हातावर ठेवला."

एखाद्याने इथे माफी मागून घर गाठलं असतं. पंतांनी तपकिरीची चिमूट ओढली. "वर्ख नाही म्हणजे राम तो नव्हे? वनवासात निघाला तेव्हा रामाने अंगावरचं सोनं उतरवून वल्कलं नेसली की नाही?"

"नेसली," सावकार गोंधळून म्हणाले.

"मग! आणि चौदा वर्षांत माणूस बोटभर वाढायचाच. हाच तो राम, वेष पालटलेला. हे चोर, आणि हे दादामियाँ वेष पालटून देणारे."

मुक्ताबाईंनी कपाळावर हात मारला. पण सावकार घायकुतीला आले होते. गुमास्ता यायची वेळ होत आली होती, आणि घायकुतीला आलेल्या माणसाला कुठलाही चोर चालतो.

"माझा राम मिळेपर्यंत ही पानं माझ्या पेटीत राहतील," ते म्हणाले. "गुमास्ता परत गेला तर पानं गेली आणि आपण कोतवालाकडे गेलात, माधवराव. कारकुनी विसरा."

गड्याने पानं गोळा करायला घेतली. माधवराव पांढरेफटक पडले. "मला खुशाल न्या कोतवालाकडे," ते म्हणाले. "पानं पेटीत नका ठेवू. तिथे अंधार आहे हो."

पंतांच्या नादाने आजवर बजरंगाने बरेच निरपराध लोक भंडावले होते, पण ते सगळे शिव्या देऊन मोकळे होत. हा माणूस शिवीही देत नव्हता. "पंत," तो कुजबुजला, "ह्यो मानूस चोर न्हाई."

"पुरावा?"

"चोर आपली चीज अशी दाखवीत सुटंल व्हय?"

पंतांनाही माधवरावांचा वामन आवडला होता, पण शोध लावून झाल्यावर मागे फिरायची त्यांना सवय नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "परीक्षा घेऊ. सावकारांच्या जोडात हा राम घालायचा आणि डाव मांडायचा. राम त्या जोडातला असेल, तर बाकीचे अवतार त्याला ओळखतील. खेळ रंगेल. नसेल, तर अडखळेल."

इतकी मूर्ख परीक्षा पुण्यात आजवर कोणी सुचवली नसेल. सावकार "खेळायचं? माझ्या जोडाशी?" असं किंचाळायला तोंड उघडणार, तोच मुक्ताबाई पुढे झाल्या.

"पंत," त्या म्हणाल्या, "तुम्ही फार हुशार आहात."

असं पंतांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. ते इतके गहिवरले की आता प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता, तरी परीक्षा टळली नसती.

सावकारांच्या सोप्यावर पांढरी चादर पसरली गेली. माधवरावांच्या पानांचं गाठोडं सावकारांनी मांडीखाली दाबून धरलं. खेळायला तिघं लागतात. मुक्ताबाई बसल्या, माधवराव बसले, आणि तिसऱ्या जागेसाठी मुक्ताबाईंनी दादामियाँना खूण केली. आचारी काहीतरी पुटपुटला. "गंजिफा सोवळ्यात खेळायच्या असतात असं कुठल्या पोथीत आहे?" त्यांनी विचारलं आणि सगळा जोड चादरीवर पालथा घालून दोन्ही हातांनी खसाखसा कालवला. सावकारांनी डोळे झाकून घेतले.

माधवरावांनी आलेली पानं दोन्ही हातांनी अलगद उचलली. वर्षानुवर्षं ज्याचं दर्शन मागितलं तो जोड हातात आला होता, आणि तो चोर म्हणून. तरी त्यांनी पानांचा पंखा केला, आणि बघता बघता चेहऱ्यावरची भीती विरघळून गेली. "अहाहा, हे वराह!" ते स्वतःशीच म्हणाले. पिवळा राम दादामियाँच्या वाट्याला गेला होता. त्यांनी तो अदबीने टाकला आणि डाव सुरू झाला.

डाव रंगला. मुक्ताबाई साठीच्या वाटेनात. पान टाकायची त्यांची तऱ्हा वडिलांची होती: हात खांद्यापर्यंत न्यायचा आणि पान असं आपटायचं की शेजारच्या वाड्यात कळावं. "हळू, आक्का, हळू!" सावकार प्रत्येक पानाला कळवळत. पंत शेजारी उभे राहून निष्कर्ष काढत होते: "नरसिंहाने ओळखलं... बळीच्या प्रकरणामुळे वामन जरा अलिप्त आहे..." बजरंग पंतांकडे बघत नव्हता. त्याचा जीव त्या मांडीखालच्या गाठोड्यात अडकला होता.

"घ्या परशुरामाचा एक्का!" मुक्ताबाई गरजल्या आणि पान आपटलं.

टच्चकन आवाज आला. एक्का चादरीवर पडला, आणि त्याच्या पाठीतून आणखी एक पान सुटून भोवऱ्यासारखं गिरक्या घेत बजरंगाच्या पायाशी आलं.

बजरंगाने वाकून पाहिलं. सिंहासनावर राम, शेजारी सीता, सोन्याचा मुकुट. मुकुटावरचा गव्हाएवढा वर्ख तेवढा उडाला होता; तो परशुरामाच्या पाठीला चिकटून राहिला होता.

"राम!" सावकार ओरडले.

"तोतया!" पंत ओरडले. "दोन राम झाले! यातला एक तोतया आहे!"

मुक्ताबाईंनी राम हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. मग त्या हसू लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे, पापड!" त्या म्हणाल्या. "ओल्या खोलीत पापड हलवल्यावाचून ठेवले की असेच चिकटतात. पानांवर लाखेचा लेप, शेजारी हौद, आणि इतक्या वर्षांत एकदाही हात नाही लावलास! परशुरामाच्या शेवटच्या पानाखाली रामाचं पहिलं पान, बसले एकमेकांना धरून. जरा खेळला असतास, निदान हवा दाखवली असतीस, तर कशाला चिकटले असते? आणि मोजताना बोटांनी धरलं असतंस तरी जाडी कळली असती. पण तू धरणार रुमालाने!"

सावकारांनी एक्का बघितला, राम बघितला, मुकुटावरची गव्हाएवढी जागा बघितली. त्याच वेळी दारात गुमास्ता उभा राहिला. चादर, कालवलेली पानं, खेळणारी तिघं, हे सगळं त्याने पाहिलं आणि आत पाऊलही न टाकता मान हलवली.

"हा खेळलेला जोड आहे," तो म्हणाला. "आमच्या हुजुरांना अगदी कोरा हवा होता."

"हुजूर काय करणार होते त्याचं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"पेटीत ठेवणार होते."

तो गेला. सावकारांनी मांडीखालचं गाठोडं काढून माधवरावांसमोर ठेवलं. त्यांना माफी मागायची होती, पण तो व्यवहार त्यांनी कधी केला नव्हता. म्हणून त्यांनी वर्ख उडालेला राम उचलला आणि गाठोड्यावर ठेवला.

"हाही घ्या. टवका उडालाय, मला आता याचा उपयोग नाही. तुम्ही दर पाडव्याला मागत होतात."

माधवरावांनी तो राम उचलून डोळे भरून पाहिला. कपाळाला लावला. आणि परत मुक्ताबाईंच्या पानांत ठेवला.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण नको. हा गेला तर तुमचा जोड दिवसा खेळता यायचा नाही. मला माझा राम मिळालाय." आणि डावातला पिवळा राम उचलून त्यांनी गाठोड्यात सगळ्यांत वर ठेवला. दादामियाँनी उगीच दाढीवरून हात फिरवला.

"मग उद्या दुपारी या दोघंही," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे राम आहे."

सावकार चादरीवर वाकून बसले होते. ते म्हणाले, "आक्का, ही वराहाची पानं इतकी निळी होती?"

"घेतलीस तेव्हापासून निळीच आहेत, बाळ."

आता सगळे उठणार, तोच पंतांनी घसा साफ केला. "तेव्हा मंडळी, आम्ही सकाळी काय सांगितलं होतं? चोर कात्रजहून आला. नळातून आला, हौदात उतरला, भिंतीतून शिरला आणि ओल्या अंगाने राम लपवला. एक तरी शब्द चुकला का?"

सगळ्यांनी विचार करून पाहिला. एकही शब्द चुकला नव्हता. बजरंगाला आपल्या गावच्या पाण्याची फार लाज वाटली, आणि थोडा अभिमानही.

बिदागी म्हणून सावकारांनी जयपुराकडच्या चित्रांच्या गाठोड्यातलं एक चित्र फडक्यात गुंडाळून दिलं. जुनी सवय एका दुपारी थोडीच जाते! "पुढेमागे भाव दुप्पट होईल," ते म्हणाले. "फक्त उघडून बघू नका."

परत येताना चित्र बजरंगाच्या खांद्यावर होतं. पंत पुढे चालत स्वतःची कीर्ती स्वतःला ऐकवत होते. बजरंगाने एक कोपरा सोडला, मग दुसरा. चित्रात तळं होतं. काठावर वाकलेलं एक झाड, पाण्यात एका पायावर उभे दोन बगळे, मागे डोंगर. थेट कात्रज. काढणाऱ्याने कात्रज स्वप्नातही पाहिलं नसेल, पण बजरंगाला आपण रोज जिथे म्हशी धुवायचो ती जागासुद्धा त्यात दिसली. तो रस्त्यातच उभा राहिला.

"बजरंगा, सांभाळून आण रे," पंत पाठमोरेच म्हणाले. "भाव वाढेपर्यंत उघडायचं नाही."

"उघडलं, पंत."

पंत गर्रकन वळले. "उघडलंस? गाढवा, मग उतरली असेल की किंमत!"

बजरंगाने चित्रावरून नजर काढली नाही.

"न्हाई, पंत," तो म्हणाला. "लई वाढलीया."